बामणोलीची कारवी आणि पांचशें प्रती

गेल्या माघांत आमच्या साताऱ्याच्या घरीं माजघरांत पुस्तकांचे पंचवीस गठ्ठे येऊन पडले. एकेका गठ्ठ्यांत वीस, म्हणजे एकंदर पांचशें प्रती. धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांनीं कोयनेच्या रानावर कादंबरी लिहिली. एका प्रकाशकानें ती चौदा महिने ठेवून घेतली, आणि अखेर छपाईचा सर्व खर्च लेखकानेंच सोसावा असें कळविलें. 'खर्च आपला, तर मग नांवही आपलेंच असूं द्या,' असें म्हणून चिरंजीवांनीं ती स्वतःच छापली. या कामीं जे साठ हजार रुपये गेले, ते मागील पडवीचें छप्पर पावसाळ्यापूर्वीं बदलावें म्हणून बाजूस ठेविलेले होते. आमचे वडील बंधु आप्पा यांनीं पैसे दिले खरे. पण गठ्ठे आल्यापासून माजघरांतून जातांना ते तिकडे पाहत नसत. घरांतील मुलें मात्र गठ्ठ्यांवर बसून खुशाल अभ्यास करूं लागलीं होतीं.

पुस्तकें आपल्या पायांनीं बाजारांत जात नाहींत. तेव्हां चिरंजीव विक्रीस निघाले, आणि हिशेब कोणी तरी ठेवावा म्हणून त्यांच्याबरोबर आम्हीही निघालों.

पहिली प्रत बामणोलीच्या ज्या नावाड्याच्या लाँचमध्यें बसून ही कथा सुचली, त्यासच द्यावयाची होती. यवतेश्वराचा घाट चढून कासच्या पठारावर आलों. भाद्रपदांत येथें फुलें पाहण्यास माणसांची रीघ लागते; माघांत काळा कातळ आणि वाळलेलें गवत एवढेंच असतें, आणि आम्हांस तर तें अधिक आवडलें. पठार संपतांच रस्ता खालीं उतरतो, आणि कोयनेच्या धरणाचें पसरलेलें पाणी, म्हणजे शिवसागर, एकदम दृष्टीस पडतो. या पाण्याखालीं खोऱ्यांतील जुनीं गांवें आहेत. पलीकडच्या कांठावर वासोट्याचें दाट रान. कोयनेचें हें अभयारण्य २०१० सालीं चांदोलीसह सह्याद्रि व्याघ्रप्रकल्पांत समाविष्ट झालें. वनखात्याच्या परवानगीवांचून वासोट्यावर जातां येत नाहीं, आणि सायंकाळपूर्वीं परतावें लागतें.

त्या दिवशीं आमच्या नावाड्याची पाळी नव्हती. त्याच्या भावानें आम्हांस पलीकडे नेलें. किल्ल्याच्या चढणीविषयीं आमच्या गुडघ्यांचें मत येथें देत नाहीं. आम्ही परतलों तों नावाड्याची नववींत शिकणारी मुलगी ओटीवर बसून पुस्तक मोठ्यानें वाचीत होती आणि सारें घर ऐकत होतें. चिरंजीवांची छाती फुगली. इतक्यांत नावाडी म्हणाला, "दादा, लिवलंय झ्याक. पर ही कारवी लागोपाठ दोन सालं कशी फुलली? एकदा फुलली की बी टाकून वाळूनच जाती ती. पुन्यांदा फुलायला सात वरसं जात्यात."

कादंबरीचा नायक कारवी फुलली असतां गांव सोडून जातो, आणि 'एका वर्षानें' परत येतो तों पुन्हां डोंगर जांभळा झालेला! तीच तर कथेची मुख्य जागा. ज्या रानांत कुडाच्या भिंती कारवीच्याच काठ्यांच्या, आणि कारवी फुलेल त्या वर्षीं मधाची चंगळ, तेथील माणसाच्या हातीं ही चूक सांपडावयाचीच. परततांना चिरंजीव एक शब्द बोलले नाहींत.

दुसऱ्या दिवशीं दोन गठ्ठे घेऊन कोरेगांवास गेलों. हें नांव जुन्या वाचकांस परिचित आहे. सांगलीजवळच्या समडोळीस १८८९ सालीं जन्मलेले कै. नारायण हरि आपटे यांनीं 'अजिंक्यतारा' ही कादंबरी १९०९ सालीं, म्हणजे विशीच्या सुमारास लिहिली, आणि पुढें या तालुक्याच्या गांवीं राहून लेखन व प्रकाशन दोन्ही केलें. त्यांच्या 'न पटणारी गोष्ट'वरून १९३७ सालीं 'कुंकू' हा बोलपट निघाला. पुण्यामुंबईस न जातां हें साधतें, अशी आमची समजूत होती. एस. टी. स्थानकावरील दुकानांत मात्र स्पर्धापरीक्षांचीं पुस्तकें आणि आरत्यांचे संग्रह. त्या गृहस्थांनीं तीन प्रती ठेवून घेतल्या, त्याही 'विकल्या तर पैसे' या बोलीवर.

तेथून आगगाडीनें सांगलीस निघालों. वाटेंत किर्लोस्करवाडी लागली. जेथें १९१० सालीं निवडुंगाचें माळरान साफ करून कारखाना उभारला, तेथूनच १९२० सालीं 'किर्लोस्कर खबर' निघूं लागली, हें आम्हीं चिरंजीवांस उत्साहानें सांगितलें. ते खिडकींतून बाहेर पाहत म्हणाले, "काका, त्यांच्या नांगरांत चूक असती, तर त्यांनीं तो विकला असता का?" यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

सांगलींत एक दुकानदार चाळीस टक्के कमिशनावर पन्नास प्रती घेण्यास तयार झाले. चिरंजीवांनीं आपण होऊन कारवीची गोष्ट काढली. दुकानदार हंसले. "अहो, एवढें पाहतो कोण?" "बामणोलीस पाहिलें," असें म्हणून चिरंजीवांनीं गठ्ठा पुन्हां बांधला! हिशेबनीस या नात्यानें आम्हांस त्यांचा राग आला, हें लपवीत नाहीं. पुढें आम्ही नगरवाचनालयांत गेलों. २०१९ च्या महापुरांत येथील हजारों पुस्तकें कृष्णेच्या पाण्यानें नासलीं. ज्या जागीं पुस्तकांचें एवढें मरण झालें, तेथें प्रत देतांना चिरंजीवांनीं त्या पानावर स्वतःच्या हातानें 'एका वर्षानें' खोडून 'सात वर्षांनीं' असें लिहिलें. पुस्तक आपलेंच असल्यामुळें कोणाची अनुमति घ्यावी लागली नाहीं.

चार दिवसांत अकरा प्रती खपल्या. घरीं येऊन सर्व हकीकत सांगितली. मातोश्रींनीं एकच विचारलें, "म्हणजे ती बिचारी सात वर्षें वाट पाहत राहिली?" चिरंजीव क्षणभर थांबले आणि म्हणाले, "हो, आजी."

त्या रात्रीं वहिनींनीं खळ शिजविली, मुलांनीं छापून आणलेल्या चिठ्ठ्या कातरल्या, आणि माजघरांत सारे एका ओळींत चिकटविण्यास बसलों. आप्पा दारांत उभे होते. थोड्या वेळानें चष्मा पुसून आंत आले, आणि एक प्रत उचलून नेमकें पान काढीत म्हणाले, "सात वर्षें झालीं ना? मग एकशें त्रेचाळीसाव्या पानावर हा कुत्रा उड्या मारीत सामोरा येतो, तो आतां म्हातारा व्हावयास हवा."