यादीतल्या ओळीचं मूळ

मोटर कंट्रोल पॅनलच्या दाराला आतल्या बाजूने एक खिसा असतो, पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा. त्यात ड्रॉइंगचा संच ठेवायचा असतो. डाळमिल असो, जिनिंग असो की पैनगंगेच्या काठावरचं पंपघर, पॅनल बंद पडलं की वायरमन आधी टेस्टर लावतो, मग मल्टिमीटर, आणि दोन्हींनी भागलं नाही की त्या खिशात हात घालतो. संचातलं पहिलं पान यादीचं. पॉवर सर्किट कितव्या पानावर, कंट्रोल कितव्या, टर्मिनलची पानं कुठून सुरू होतात, केबल शेड्यूल कुठे आहे. वायरमन अख्खा संच कधीच वाचत नाही. त्या घटकेला त्याला एकच पान हवं असतं. ते चुकीचं निघालं तर तो पुन्हा यादीकडे वळत नाही, संच मिटून ठेवतो आणि अंदाजाने वायर ओढायला लागतो. शेतीच्या थ्री-फेजला पाळी असते, कधी दिवसाची, कधी रात्रीची. रात्रीच्या पाळीत अंदाजाने ओढलेली वायर माणसाच्या जिवावर बेतू शकते.

म्हणून इलेक्ट्रिकल डिझाइनच्या कामात यादीला मी फार मान देतो. मी वाशीमला घरी बसून पॅनलची ड्रॉइंगं करतो. काम पुणे-संभाजीनगरकडच्या पॅनलवाल्यांचं, थोडं अकोल्याचं, आणि काही इथलंच: रिसोड-मालेगावकडच्या डाळमिल, कारंज्याच्या बाजूचं जिनिंग, सोयाबीन साफ करणारी युनिटं. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा झाला, पण मोठी कारखानदारी इथे अजून आलेली नाही. जे आहे ते कापूस, तूर आणि सोयाबीनच्या मागे उभं आहे, आणि ते सगळं मोटरवर चालतं. आयटीआय किंवा पॉलिटेक्निक केलेली दोन-चार पोरं माझ्याकडे शिकायला येतात. आठवडाभरात त्यांच्याकडून एक तक्रार हमखास येते: ‘‘सर, लिस्टमध्ये बरोबर दिसून नाही रायलं.’’

कुठल्या लिस्टमध्ये, हे मी आधी विचारतो. कारण यादी एक नसते. आम्ही ज्यात ड्रॉइंगं करतो त्या ऑटोकॅड इलेक्ट्रिकलमध्ये डावीकडे प्रोजेक्ट मॅनेजरची पट्टी असते, तिच्यात दिसते ती एक. त्याच पट्टीतून ड्रॉइंग लिस्टचा रिपोर्ट काढून पहिल्या पानावर तक्ता म्हणून बसवतो, ती दुसरी. आणि प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यातल्या टायटल ब्लॉकमध्ये जे नाव आणि नंबर छापले जातात, तीही एका अर्थी यादीच, पानापानांवर विखुरलेली. पट्टी बदलली म्हणून तक्ता आपोआप बदलत नाही. तक्ता ज्या वेळी काढला त्या वेळचा असतो, पुढे बदल केले की नवा काढावा लागतो. टायटल ब्लॉकही अपडेट करा असं सांगितल्याशिवाय हलत नाही. पोरगं पट्टीत दुरुस्ती करतं, पडद्यावर सगळं छान दिसतं, मग छापून साइटवर पाठवतं. वायरमनने पट्टी जन्मात पाहिलेली नसते. त्याच्या हातात जातात ते तक्ता आणि कोपरा.

पट्टीच दिसेनाशी झाली, हा प्रकार सोपा आहे. लॅपटॉपला लावलेला दुसरा पडदा काढला की ती त्या नसलेल्या पडद्यावर जाऊन बसते. ती परत आणायची, विषय संपला. खरं काम पट्टी दिसत असते आणि तिच्यातल्या ओळी खोट्या बोलत असतात तेव्हाचं.

पट्टीत काय दिसावं हे आपणच ठरवतो. ‘ड्रॉइंग लिस्ट डिस्प्ले कॉन्फिगरेशन’ नावाची एक चौकट आहे. डाव्या बाजूला मिळू शकणाऱ्या गोष्टी: फाइलचं नाव, शीट नंबर, ड्रॉइंग नंबर, वर्णनाच्या ओळी, सेक्शन, सब-सेक्शन, इन्स्टॉलेशन आणि लोकेशनचे कोड. उजवीकडे आपण निवडलेल्या, हव्या त्या क्रमाने. पोरं तिथे शीट नंबर आणि वर्णन टाकतात आणि ओके करतात. काही ओळी भरलेल्या दिसतात, काही रिकाम्या, दोन ओळींचा नंबर एकच. मग सॉफ्टवेअर बिघडलं म्हणून ते बंद करून पुन्हा चालू करतात.

इथे मी त्यांना थांबवतो आणि एक काम देतो. प्रोजेक्टची जी डब्ल्यूडीपी फाइल असते ती नोटपॅडमध्ये उघडायची. ती साधी मजकुराची फाइल आहे, कुणालाही वाचता येते. वर प्रोजेक्टच्या सेटिंगच्या ओळी, आणि खाली एकामागून एक ड्रॉइंगं. बरोबरच्या चिन्हांनी सुरू होणाऱ्या ओळीत वर्णन, आणि तिच्या खाली त्या ड्रॉइंगच्या फाइलचं नाव, जागेसकट. पोरांना नवल वाटतं की पानाचं वर्णन पानात नाहीच, ते इथे आहे. मग ड्रॉइंग उघडून डब्ल्यूडी-एम नावाचा ब्लॉक शोधायला लावतो. पडद्यावर तो दिसत नाही, पण प्रत्येक पानात तो असावाच लागतो. त्या पानाची सेटिंग त्याच्या पोटात असतात, आणि शीट नंबरही तिथेच.

म्हणजे यादीतली एक ओळ तीन ठिकाणांहून गोळा होते. फाइलचं नाव डिस्कवरचं, वर्णन प्रोजेक्टच्या फाइलमधलं, शीट नंबर ड्रॉइंगच्या पोटातला. हे एकदा डोक्यात बसलं की ओळीकडे नुसतं पाहूनच तिचा इतिहास कळतो. नंबर आहे पण वर्णन कोरं? हे पान दुसऱ्या प्रोजेक्टमधून उचलून आणलंय. नंबर पोटात होता म्हणून बरोबर आला, वर्णन मागे राहिलं. एकच शीट नंबर दोन ओळींना? कुणीतरी जुनं पान ‘सेव्ह अ‍ॅज’ करून नवं बनवलं आणि पोटातला नंबर बदलायचा राहिला. ओळ आहे पण पान उघडत नाही? विंडोजच्या फोल्डरमध्ये जाऊन फाइलचं नाव बदललंय, आणि प्रोजेक्टच्या फाइलला त्याचा पत्ता नाही. बदल केला तरी जुनंच दिसतं? ड्रॉइंग साध्या ऑटोकॅडमध्ये उघडून बदललं असणार. प्रोजेक्टचा डेटाबेस नव्याने बांधून घ्यायचा. नंबर सारखा इकडचा तिकडे होतो? पानात डब्ल्यूडी-एम दोन झालेत का ते बघायचं. एका पानातला मजकूर उचलून दुसऱ्यात चिकटवताना हे होतं.

यादीची गोष्ट आपल्या सातबाऱ्यासारखी आहे. उताऱ्यावर पेनाने नाव खोडून दुसरं लिहिल्याने नोंद बदलत नाही, त्यासाठी फेरफार व्हावा लागतो. तक्त्यात शेवटच्या घडीला टेक्स्ट एडिट करून ‘१६’ चं ‘१७’ करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. छपाई सुटते, गाडी निघते. पण पोटातला नंबर सोळाच राहतो, आणि त्या नंबरावर पुढचं सगळं उभं असतं.

‘पुढचं सगळं’ म्हणजे काय, ते नीट सांगायला हवं. पानांमधले संदर्भ शीट नंबरावरून पडतात. कॉन्टॅक्टरची कॉइल एका पानावर, त्याचा कॉन्टॅक्ट तीन पानं पुढे, आणि दोन्हीकडे एकमेकांचा पत्ता लिहिलेला: पान बारा, ओळ चार. अनेक प्रोजेक्टमध्ये कॉन्टॅक्टरचं आणि वायरचं नावही शीट नंबरावरूनच तयार होतं. बाराव्या पानावरच्या वायरचा नंबर बारानेच सुरू होतो, तोच पिवळ्या फेरूलवर छापला जातो, आणि तो फेरूल साइटवर वायरच्या दोन्ही टोकांना चढतो. आता समजा, पॅनल बसल्यावर मालकाने सांगितलं, अजून एक एलिव्हेटर घालायचाय. डिझायनरने बाराव्या पानानंतर नवं पान घातलं आणि सॉफ्टवेअरला सांगितलं, शीट नंबर पुन्हा ओळीने लाव. एका आज्ञेत यादी नीटनेटकी होते. पुढे टॅग, म्हणजे ही नावंही नव्याने पाडून घेतली की जुना तेरा चौदा झाला, चौदा पंधरा झाला, कागदावरच्या वायर नव्या नावाच्या झाल्या. पॅनलमधल्या फेरूलना मात्र हे कुणी सांगितलेलं नसतं. ते जुन्याच नावाने बसलेले असतात. रिसोडकडच्या एका मिलमध्ये एका वायरमनने मला असा कागद दाखवला होता. तो म्हणाला, ‘‘भाऊ, कागदावर हे वायर पंधराचं हाये, अन् पॅनलमंदी पंधराचं भलतंच हाये. कोनावर भरोसा ठेवू?’’ ते ड्रॉइंग कुणाचं होतं याला महत्त्व नाही. त्याचा प्रश्न मात्र बिनतोड होता, आणि त्याने मेन स्विच खाली ओढून ठेवून मगच तो विचारला याचं मला आजही बरं वाटतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. पॅनल कारखान्यातून निघेपर्यंत नंबर हवे तितक्या वेळा फिरवा. एकदा फेरूल चढले की नंबर गोठवायचे. मध्ये पान वाढलं तर त्याला ‘१२ए’ म्हणायचं. यादी थोडी ओबडधोबड दिसेल, पण ती आणि पॅनल एकच बोलतील. काही मोठ्या ऑफिसांतल्या साहेबांना ‘१२ए’ खपत नाही, त्यांना एक ते चाळीस सलग हवं असतं. त्यांच्याशी मी वाद घालतो. पैसे थोडे उशिरा मिळाले तरी घालतो.

क्रमाचंही तसंच. फाइलला १, २, ३ अशी नावं दिली तर अक्षरक्रमाने लावणाऱ्या ठिकाणी १ च्या मागोमाग १० येतो, म्हणून सुरुवातीपासून ०१, ०२. पण ही झाली यंत्राची सोय. यादीतला क्रम मी माणूस पॅनलपुढे ज्या क्रमाने उभा राहतो तसा लावतो: आधी इनकमर, मग बसबार, मग एकेक फीडर डावीकडून उजवीकडे, मग कंट्रोल, शेवटी टर्मिनल. पट्टीत ओळ धरून वरखाली ओढता येते, त्याला वेळ लागत नाही. फक्त ते नंबर गोठवण्याआधी करायचं.

आता आमच्या भागात हटकून येणारी अडचण. मराठी वर्णनं. मिलमालकांना आणि वायरमनला ‘ग्रेडर मोटर, स्टार-डेल्टा’ असं देवनागरीत लिहिलेलं पाहिजे असतं, आणि त्यांचं बरोबर आहे. पण इथल्या डीटीपीच्या दुकानांतून आलेला मजकूर पुष्कळदा श्री-लिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला असतो. त्या फॉन्टमध्ये मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात ती इंग्रजीचीच अक्षरं आणि चिन्हं. ड्रॉइंगच्या पानावर तो फॉन्ट लावला की मराठी उमटतं. तोच मजकूर वर्णनाच्या ओळीत टाकला की पट्टीत अगम्य इंग्रजी अक्षरांचा ढीग दिसतो, कारण पट्टी आपला फॉन्ट मानत नाही, ती विंडोजचा वापरते. पोरांना वाटतं फाइल करप्ट झाली. उलटाही प्रकार आहे: मजकूर युनिकोड आहे, पट्टीत स्वच्छ मराठी दिसतं, पण टायटल ब्लॉकची टेक्स्ट स्टाइल एसएचएक्स फॉन्टची असते. त्या रेषांच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसतेच, म्हणून कोपऱ्यात प्रश्नचिन्हांची रांग छापून येते. तिथे स्टाइल बदलून मंगल किंवा निर्मला यूआय लावायची. आणि कुणी डब्ल्यूडीपी फाइल नोटपॅडमध्ये हाताने सुधारली आणि एएनएसआय म्हणून सेव्ह केली, तर मराठी खरोखरच जातं. तिथे मग फॉन्ट बदलून काही परत येत नाही, मूळ प्रत असेल तरच वाचतं. म्हणून ती फाइल उघडायला लावण्याआधी तिची प्रत काढायला लावतो.

बाहेरून पाहिलं तर तिन्ही वेळा तक्रार एकच, ‘मराठी दिसत नाही’. एकात साठवलेलंच चुकीचं, एकात साठवलेलं बरोबर पण दाखवणारा फॉन्ट चुकीचा, एकात साठवताना नष्ट झालेलं. यातलं कोणतं आहे हे ओळखायला एक साधी रीत आहे: वर्णनाची ओळ कॉपी करून मोबाईलवर व्हॉट्सअ‍ॅपला पाठवायची. तिथे मराठी दिसलं तर मजकूर चांगला, दोष दाखवण्यात. इंग्रजी अक्षरं दिसली तर जुना फॉन्ट. प्रश्नचिन्हं दिसली तर जुनी प्रत शोधायला लागायचं.

पुण्याच्या ऑफिसांना वर्णन इंग्रजीत लागतं, त्यांची तपासणारी माणसं निरनिराळ्या राज्यांतली असतात. त्यावर मी असं करतो. प्रत्येक ड्रॉइंगला वर्णनाच्या तीन ओळी मिळतात. पहिलीत इंग्रजी, दुसरीत मराठी, तिसरी कोरी ठेवतो. पट्टीत पहिली, तक्त्यात दोन्ही, शेजारी शेजारी. मराठीही वायरमनच्या तोंडची घालतो: ‘बकेट एलिव्हेटर’ तसंच, ‘कन्व्हेयर’ऐवजी मिलमध्ये ‘पट्टा’ म्हणतात तर ‘पट्टा’. नाव काय लिहायचं ते मालकाला विचारत नाही, तिथल्या फिटरला फोन करतो. टर्मिनलच्या पानांवर मात्र अजून हे जमलेलं नाही. तिथल्या नोंदी रिपोर्टमधून आपोआप पडतात आणि त्या साच्यात मराठी बसवायला प्रत्येक कंपोनंटच्या वर्णनात हात घालावा लागतो. सध्या एका डाळमिलच्या संचावर ते करून पाहतोय. पोरांपैकी एक जण नावं भरतोय, दुसरा ती छापून कागदावर ताडून बघतोय.