मांजर घरी आणण्यापूर्वी

वाचकहो, उतारवयात घरी मांजर पाळावे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. परंतु ज्या घरात एक व्यक्ती पक्षाघाताने परावलंबी झाली आहे आणि तिला उठवणाऱ्या, बसवणाऱ्या, भरवणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीला ॲलर्जी व सौम्य दमा आहे, त्या घरात हा प्रश्न किरकोळ राहत नाही. आजारी माणसाला विरंगुळा हवा असतो आणि शुश्रूषा करणाऱ्याला श्वास हवा असतो. या दोहोंपैकी एकाची गरज ‘हट्ट’ म्हणून आणि दुसऱ्याची ‘बाऊ’ म्हणून उडवून लावणे सोपे आहे. पण त्यामुळे घर सुखी होत नाही. आमच्या घरी हा निर्णय कसा झाला, ते आपणांस सांगावे असे वाटते. आपल्या घरची परिस्थिती निराळी असेल, तरी विचाराची पद्धत कदाचित उपयोगी पडेल.

आम्ही दोघे सिरोंच्यास राहतो. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून पुढे आलेली प्राणहिता आमच्या गावाशेजारून वाहते आणि थोड्याच अंतरावर गोदावरीस मिळते. नदीपलीकडे तेलंगण. गावात मराठीइतकीच तेलुगूही कानी पडते. जिल्ह्याचे ठिकाण गडचिरोली येथून दोनशे किलोमीटरांहून दूर आहे. रात्री-अपरात्री श्वास कोंडला, तर तज्ज्ञ डॉक्टर हाकेच्या अंतरावर नाहीत. हे अंतर निर्णय घेताना मोजावेच लागते.

माझ्या पत्नीस चार वर्षांपूर्वी पक्षाघात झाला. डावा हात व पाय दुर्बल झाले, बोलणे संथ झाले. दिवसाचा बराच वेळ ती ओसरीवरच्या खाटेवर बसून असते. शेजारच्या अक्कांच्या मांजरीने भाद्रपदात तणसाच्या गंजीत तीन पिल्ले घातली. त्यांतील एक करडे पिल्लू कुंपणातून येऊन पत्नीच्या खाटेखाली बसू लागले. अक्का त्याला तेलुगूत ‘पिल्ली’ म्हणत. तेलुगूत पिल्ली म्हणजे मांजर. पत्नीने ते ‘पिल्लू’ असे ऐकले आणि दोन भाषांच्या मधोमध त्याचे नाव पडून गेले. तिने आजारानंतर स्वतःसाठी काही मागितले, ते हेच.

नागपूरच्या मुलीला ही वार्ता कळली, तेव्हा ती फोनवर एवढेच म्हणाली, “बाबा, तुम्ही आजारी पडलात तर आईला कोण उचलेल?” प्रश्न रास्त होता. पत्नीने तो ऐकला. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “अहो, तुमचा श्वास आधी. मांजर काय, शेजारीही राहील.” तिने इतक्या सहज हक्क सोडला, म्हणूनच तो प्रश्न नीट तपासून पाहणे मला माझे कर्तव्य वाटले.

प्रथम, ही ॲलर्जी म्हणजे काय, ते समजून घेऊ. ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाचे वैद्य क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये रूढ केला. एखाद्या निरुपद्रवी पदार्थाला शरीर शत्रू समजते आणि त्याविरुद्ध लढू लागते; शिंका, डोळ्यांची खाज, नाक वाहणे, छातीत घरघर ही त्या लढाईची चिन्हे. मांजराच्या बाबतीत दोष केसांचा आहे असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः मुख्य कारण म्हणजे मांजराच्या लाळेत आणि त्वचेतील ग्रंथींत तयार होणारे एक प्रथिन. शास्त्रज्ञ त्याला ‘फेल डी १’ म्हणतात. मांजर अंग चाटते, लाळ केसांवर वाळते आणि तिचे अतिसूक्ष्म कण हवेत तरंगू लागतात. ते कपड्यांना, भिंतींना, गाद्यांना चिकटतात. मांजर घरातून गेले तरी त्यांचा अंश चार ते सहा महिने रेंगाळू शकतो. म्हणूनच “आठ दिवस ठेवून पाहू, नाही जमले तर देऊन टाकू” हा विचार पुरेसा नाही. बिनकेसाच्या किंवा विशिष्ट जातीच्या मांजराने ॲलर्जी होतच नाही, असे कोणी विक्रेता सांगत असेल, तर त्यावरही विसंबू नये. प्रमाण कमी-अधिक असते. पूर्णतः मुक्त असे मांजर नाही. न खच्ची केलेल्या बोक्यात हे प्रथिन अधिक, मादीत व खच्ची केलेल्या बोक्यात तुलनेने कमी आढळते. पिल्ली मादी होती, ही आमच्या बाजूची पहिली गोष्ट.

दुसरे पाऊल तपासणीचे. पत्नीच्या तपासणीसाठी नागपूरला गेलो, तेव्हा मी माझीही करून घेतली. त्वचेवर सुईने टोचून करावयाच्या चाचणीपूर्वी ॲलर्जीच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात. रक्ताच्या चाचणीसाठी तशी गरज नसते. आपण रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी ‘बीटा ब्लॉकर’ वर्गातील औषध घेत असाल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब घालणाऱ्या दमेकऱ्यांनीही ते सांगावे. डोळ्यांत घातलेला थेंब श्वासनलिकेवर परिणाम करू शकतो. माझ्या अहवालात धुळीतील सूक्ष्म किड्यांची ॲलर्जी तीव्र आणि मांजराची सौम्य निघाली. डॉक्टरांनी बजावले की, कागदावरचा आकडा म्हणजे आजार नव्हे आणि ‘सौम्य’ म्हणजे अभयपत्रही नव्हे. प्रत्यक्ष सहवासात काय होते, ते पाहिल्यावाचून निष्कर्ष काढता येत नाही.

प्रत्यक्ष पाहण्यासाठी ऋतू निवडावा लागला. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते. पुढे मिरचीची तोडणी सुरू झाली की वाळत घातलेल्या मिरचीचा ठसका गावभर असतो. ती ॲलर्जी नसते, तो तिखटाचा दाह असतो. पण खोकला दोहोंचा सारखाच. अशा दिवसांत मांजराला दोष द्यावा की मिरचीला, ते कळणार नाही. म्हणून पाऊस सरल्यावर आणि मिरची येण्यापूर्वी, कार्तिकात, डॉक्टरांच्या संमतीने मी रोज अर्धा तास अक्कांच्या ओसरीवर मांजरांजवळ बसू लागलो. श्वास मोकळा करणारा इनहेलर खिशात असे.

या काळात ‘पीक फ्लो मीटर’ नावाच्या साध्या, स्वस्त नळीने मला फार साहाय्य केले. उभे राहावे, दीर्घ श्वास घ्यावा आणि एका दमात जोराने फुंकावे. तीन वेळा फुंकून सर्वांत मोठा आकडा सकाळ-संध्याकाळ वहीत लिहावा. प्रकृती उत्तम असतानाचा आपला सर्वोच्च आकडा हा आपला मापदंड. त्याच्या ८० टक्क्यांवर श्वास ठीक. ८० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान सावध होऊन डॉक्टरांनी दिलेल्या सूचनांप्रमाणे औषध घ्यावे. ५० टक्क्यांखाली गेल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. माझा सर्वोच्च आकडा ४००. म्हणजे ३२० ही सावधगिरीची आणि २०० ही धोक्याची रेषा. तीन आठवड्यांच्या नोंदीत शिंका आल्या, डोळे चुरचुरले, परंतु आकडा ३६० च्या खाली आला नाही.

तरीही पिल्लीला घरी आणण्यापूर्वी आम्ही एक गोष्ट ठरवून ठेवली आणि ही गोष्ट मी आपणांस सर्वांत आग्रहाने सांगतो: परतीची वाट आधी आखावी. मांजर घरी रुळल्यावर, नाव लागल्यावर, उशाशी निजल्यावर ते द्यायचे म्हटले, तर घरात अपराधी आणि पीडित असे दोन पक्ष पडतात. आमची अट वहीच्या पहिल्या पानावर लिहिली गेली. आकडा सलग तीन दिवस ३२० च्या खाली राहिला, किंवा एकदाही रात्री श्वासामुळे जाग आली, तर पिल्ली अक्कांकडे परत जाईल. अक्कांनी तसा शब्द दिला. पत्नीने उजव्या हाताने त्याखाली सही केली. सही पाहून मुलीचाही विरोध मावळला.

मार्गशीर्षात पिल्ली आली. दोन आठवडे सर्व सुरळीत होते. तिसऱ्या आठवड्यात आकडा ३५०, ३४०, ३३० असा उतरू लागला. पत्नी रोज सकाळी वही मागून घेई आणि काही न बोलता परत देई. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी रोजचा प्रतिबंधक इनहेलर नियमित घेण्यावर भर दिला, नाकातील फवारा सुरू केला आणि घराची शिस्त विचारली. त्या दिवसापासून पिल्लीला झोपण्याच्या खोलीची वाट बंद झाली. आमची शिस्त आजही अशी आहे: खोलीचे दार सदैव लोटलेले, कोरड्या केरसुणीऐवजी ओल्या फडक्याने पुसणे, चादरी व अभ्रे दर आठवड्यास गरम पाण्यात धुणे, कारण नुसते ऊन दाखवल्याने हे प्रथिन जात नाही, मांजराला हात लावल्यावर हात धुणे आणि तोवर डोळ्यांना न लावणे, तिचे अंग विंचरण्याचे व मातीची पाटी साफ करण्याचे काम ॲलर्जी नसलेल्या व्यक्तीकडे. आमच्याकडे ते घरकामास येणारी बाई करते. मांजराला न्हाऊ घातल्याने कण कमी होतात, पण दोन-तीन दिवसांत पूर्ववत होतात. त्यासाठी मांजर आणि आपण दोघांनीही छळ सोसण्यात अर्थ नाही. महिनाभरात आकडा ३७० वर स्थिरावला.

ज्येष्ठांसाठी काही गोष्टी विशेष महत्त्वाच्या आहेत. सर्दीच्या अनेक गोळ्यांत क्लोरफेनिरामाइनसारखी जुनी ॲलर्जीविरोधी औषधे असतात. त्यांनी गुंगी येते, तोंड कोरडे पडते, तोल जातो, स्मृती गोंधळते. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांना लघवी अडण्याचा धोका असतो. तेव्हा औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने गोळी आणू नये. सेट्रिझिनसारख्या नव्या औषधांनीही काहींना झोप येते आणि मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्रा कमी करावी लागते. दुसरा धोका पायात येण्याचा. मांजर पायांत घोटाळते आणि म्हाताऱ्या हाडांना एक पडणे पुरते. पिल्लीच्या गळ्यात सहज सुटणाऱ्या पट्ट्याला घुंगरू आहे, त्यामुळे ती कोठे आहे हे कळते. तिसरा धोका ओरखड्याचा. वयानुसार त्वचा पातळ होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास जखम लवकर थांबत नाही. मांजर चावले किंवा नख लागून रक्त आले, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी शासकीय रुग्णालयात जावे. रेबीज मांजरामुळेही होऊ शकतो. पिल्लीला तीन महिन्यांची झाल्यावर लस टोचली, पुढे तिची नसबंदीही केली. घरात गर्भवती लेक-सून येणार असेल, तर मांजराची विष्ठा साफ करण्याचे काम तिला मुळीच देऊ नये.

आणि काही घरांसाठी उत्तर ‘नको’ हेच आहे. ज्यांना गेल्या वर्षभरात दम्यामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागले, ज्यांना घरी प्राणवायू लागतो, ज्यांचा दमा औषधांनीही आटोक्यात नाही, त्यांनी मांजर पाळू नये. “सवय होईल” हा भरवसाही धरू नये. काहींची ॲलर्जी सहवासाने मंदावते, काहींची वाढत जाते, आणि आपण कोणत्या गटात आहोत हे आधी कळत नाही. अशा घरी शेजारच्या अंगणातले मांजर दुरून पाहणे, त्याच्यासाठी कुंपणाशी वाटी ठेवणे, हाही एक संबंध असू शकतो.

पिल्लीमुळे पत्नीचा हात बरा झाला, असे मी म्हणणार नाही. तो पूर्वीइतकाच दुर्बल आहे. मात्र फिजिओथेरपीचा जो व्यायाम करताना ती कंटाळत असे, तो हात पुढे नेण्याचा प्रयत्न आता ओसरीवर दिवसातून कितीतरी वेळा होतो, कारण पिल्ली नेमकी डाव्या बाजूस येऊन बसते. रात्री बंद दाराबाहेर ती ओरडते, तेव्हा पत्नीचा जीव तुटतो. ही किंमत आम्ही दोघे मिळून देतो. दीड वर्ष झाले. वही अजून चालू आहे आणि पहिल्या पानावरची अट अजून लागू आहे.

आपल्या घरीही कोणी वृद्ध, कोणी आजारी व्यक्ती अशी एखादी लहानशी मागणी करील. तिला लगेच हो म्हणू नका, लगेच नाहीही म्हणू नका. प्रथम चाचणी करा, योग्य ऋतू निवडा, आकडे लिहा आणि परतीची वाट सर्वांच्या संमतीने आखून ठेवा. ज्याच्या श्वासावर घर चालते, त्याने स्वतःच्या श्वासाची काळजी घेणे हा स्वार्थ नाही; तो शुश्रूषेचाच भाग आहे.