पिवळ्या पडलेल्या हेडलाइटची उजळणी

आमची गाडी जसोंडी गावात अंगणातच उभी असते, तोंड पश्चिमेला. एका बाजूला कडुलिंब असल्यामुळे उजवा दिवा बराचसा सावलीत राहतो, डावा मात्र दुपारपासून मावळतीपर्यंत उन्हात. बुऱ्हाणपूर भागातला मे महिना म्हणजे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर. काही वर्षांत डाव्या दिव्याची काच पिवळी आणि खरखरीत झाली, उजवी नुसती धुरकटली. गाडी एकच, वय एकच. फरक पडला तो उन्हाने.

जुन्या गाड्यांच्या दिव्यांना खरी काच असे, ती पिवळी पडत नसे. आता तिथे पॉलिकार्बोनेट असतं. ते हलकं, खडा लागला तरी सहसा फुटत नाही. पण उन्हातल्या अतिनील किरणांपुढे टिकत नाही. म्हणून कारखान्यातच त्यावर पारदर्शक कडक थर देतात. ऊन आणि धूळ आधी तो थर खातात, मग आतलं प्लास्टिक पिवळं पडतं.

आमच्याकडे रात्री रस्त्यावर केळीचे ट्रक असतात, मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या असतात, आणि कडेने माणसं चालत असतात. डिपरवर गाडी चालवली की उजेड रस्त्यावर पडण्याऐवजी काचेतच विखरायचा. मला दिसायचं कमी आणि समोरच्याचे डोळे दिपायचे. अमेरिकेतल्या ‘ट्रिपल ए’ या वाहनधारकांच्या संघटनेने २०१८ मध्ये असे जुने दिवे तपासले, तेव्हा डिपरवर नव्याच्या मानाने अवघा २० टक्के उजेड निघाला.

शेजारच्या पोराने त्याच्या गाडीला टूथपेस्ट घासली होती. चकाकी आली आणि पावसाळ्याआधीच गेली. बुऱ्हाणपूरच्या एका पेंटरने मला कारण सांगितलं, “दादा, घासणं कोणीही करील. वर क्लिअर मारला नाही, तर आहे ते कवचही गेलं समजा.” क्लिअर म्हणजे वरून मारायचा पारदर्शक थर.

त्याच्याकडून सामान आणून काम घरीच केलं. वारा सुटण्याआधी सकाळी बसलो. काच धुऊन भोवतीच्या रंगावर मास्किंग टेप लावली आणि पाणी सोडत ८०० नंबरचा वॉटर पेपर फिरवला. पिवळसर दुधी पाणी ओघळू लागलं. ते पांढरं येईपर्यंत थांबायचं नाही. पिवळं येतंय तोवर जुना थर शिल्लक आहे. मग १०००, १५००, २००० आणि शेवटी ३०००. दर पेपरला हात फिरवण्याची दिशा बदलायची, आधी आडवी, मग उभी. म्हणजे मागच्या पेपरचे ओरखडे राहिले असतील तर लगेच दिसतात. या टप्प्यावर काच आधीपेक्षाही वाईट, दुधट दिसते. घाबरायचं नाही. कंपाउंड लावून बफिंग केलं की आतला रिफ्लेक्टर दिसू लागतो. मशीन मात्र कमी वेगात हवं, एका जागी टेकवलं तर प्लास्टिक तापून खराब होतं.

शेवटी अल्कोहोलने पुसून हार्डनर मिसळलेला अतिनील-रोधक क्लिअर मारला, दोन पातळ हात. याची वाफ छातीला वाईट. साधा रुमाल चालत नाही, पेंटर वापरतात तो फिल्टरचा मास्क आणि मोकळी जागा हवी. दिवसभर गाडी हलवली नाही.

धुरकटपणा आतल्या बाजूने असेल, किंवा प्लास्टिकमध्येच बारीक तडे गेले असतील, तर बाहेरून घासून उपयोग नाही; तिथे दिवाच बदलावा लागतो. आणि उजेड कमी पडतो म्हणून जास्त वॅटचा बल्ब टाकू नका. त्याने होल्डर वितळू शकतो, आणि धुरकट काचेतून समोरच्याला आणखी त्रास. आधी काच साफ करा, वर क्लिअर मारा, आणि जमेल तिथे गाडीचं तोंड सावलीकडे करून लावा.