मॅच पाहिली, नागपूर राहिलं

हिंगोलीहून मोठी मॅच बघायची तर आमच्या पिढीला दोनच वाटा ठाऊक होत्या. एक हैदराबादची, फतेह मैदानाची. निजामाचं राज्य जाऊन चाळीस वर्षं होत आली तरी जुन्या माणसांच्या तोंडी 'शहर' म्हणजे हैदराबादच. दुसरी वाट नागपूरची. आमची आत्या नागपूरला दिलेली, त्यामुळे आम्ही नागपूरवाले.

३१ ऑक्टोबर १९८७ची मॅच, विश्वचषक, भारत विरुद्ध न्यूझीलंड. दिवाळी नुकतीच झालेली, सुट्ट्या चालू होत्या आणि घरात फराळ उरलेला होता. हिंगोली तेव्हा जिल्ह्याचं ठिकाण नव्हतं, परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता; जिल्हा व्हायला १९९९चा मे उजाडला. तिकिटं आतोबांनी मिळवून ठेवली होती आणि तसं पोस्टकार्डावर कळवलं होतं. त्या एका कार्डाच्या भरवशावर काका, मी आणि शेजारचे दोघे चिवड्या-शंकरपाळ्यांचे डबे घेऊन निघालो.

निघालो म्हणजे आधी मीटरगेजच्या गाडीत बसलो. पूर्णा-अकोला मार्गावरची ती गाडी वाशिम करत अकोल्याला पोचायची, पण कुठल्या स्टेशनात किती वेळ थांबायचं हे तिचं तीच ठरवायची. अकोल्याला पलीकडच्या फलाटावर जाऊन ब्रॉडगेजची गाडी धरायची आणि जनरल डब्यात जागा मिळाली नाही तर दाराशी पिशवीवर बसायचं. मॅच शनिवारची, पण आम्ही शुक्रवारी सकाळीच आत्याच्या दारात. उशीर होईल म्हणून लवकर निघायचं आणि लवकर पोचलोच तर आत्याकडे राहायचं, असा तो हिशेब.

आत्या माहेरची हिंगोलीची, पण बोलण्यात पक्की नागपुरी झालेली. "काय करून राहिले रे पोट्टेहो, हातपाय धुवा अन् बसा जेवाले!" आतोबांचं म्हणणं असं की, मॅच उद्या आहे तर आज शहर पाहून घ्या. त्यांनी आम्हाला महाराजबाग दाखवली, सीताबर्डीच्या गर्दीत फिरवलं, दीक्षाभूमीवर नेलं. तिथला स्तूप तेव्हा अजून पूर्ण व्हायचा होता. सकाळी तर्री पोहे, रात्री सावजी. मराठवाड्याच्या तिखटावर वाढलेल्या माणसाच्याही नाकाडोळ्यांतून पाणी काढील असा तो रस्सा. काका कितीदा तरी पाणी प्यायले, पण "आपल्याकडं यापेक्षा तिखट असतं" हे त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

मॅचचं काय सांगायचं! सिव्हिल लाइन्सचं जुनं मैदान. चेतन शर्माने लागोपाठच्या तीन चेंडूंवर रदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्ड यांच्या दांड्या उडवल्या. विश्वचषकातली ही पहिली हॅटट्रिक. न्यूझीलंडच्या २२१ धावा झाल्या. गटात ऑस्ट्रेलियाच्या वर जायचं तर हे लक्ष्य ४२.२ षटकांच्या आत गाठायला हवं होतं. भारताने ते ३२.१ षटकांतच संपवलं. साठ षटकं खेळून ३६ नाबाद केल्याचा टोमणा ज्याला बारा वर्षं चिकटून होता, त्या गावसकरने अंगात ताप असताना ८८ चेंडूंत १०३ केल्या. एकदिवसीय सामन्यांतलं त्याचं ते एकमेव शतक. पाच दिवसांनी वानखेडेवर इंग्लंडकडून हरलो आणि तो निवृत्त झाला. म्हणजे सनीची शेवटून दुसरी आंतरराष्ट्रीय खेळी आम्ही पाहिली, हे आम्हाला नंतर कळलं.

मॅच उन्हं असतानाच संपली. मैदान भर शहरात, त्यामुळे सगळी गर्दी चालतच सदरकडे, बर्डीकडे पसरली. पानठेल्यावर, सायकलरिक्षावर, संत्र्यांच्या हातगाडीपाशी जो भेटेल तो तीच हॅटट्रिक सांगत होता. न पाहिलेले तर जास्तच रंगवून सांगत होते.

मात्र त्या मॅचला आमच्या घरातली एकही बाई नव्हती. आत्येबहिणीने घरी रेडिओवर ऐकली. मैदान घरापासून रिक्षाच्या अंतरावर, पण आत्या त्यात कधी गेली नाही. तेव्हाच्या सहलीचं कौतुक करताना हे आठवलं की माझी जीभ थोडी अडखळते.

६ फेब्रुवारी २०२५ला पुन्हा नागपूर, या वेळी इंग्लंडविरुद्ध आणि पुतण्या-भाचीबरोबर. तिकिटं मोबाइलवर. सकाळी घरून नाश्ता करून निघालो. कनेरगाव नाका, वाशिम, शेलूबाजार आणि तिथून समृद्धी महामार्ग. २०२२च्या डिसेंबरात नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाल्यापासून आमच्या भागाचा नकाशाच आक्रसला. मॅच दीडला सुरू. आम्ही वेळेच्या आधी हजर. रात्रीच परत यायचं असल्याने ताईनेही मुलीला पाठवायला खळखळ केली नाही. मला या रस्त्याची किंमत त्यातच जास्त वाटते.

आता गंमत बघा. समृद्धी संपते शिवमडक्याला, तिथून बाहेरच्या रिंगरोडने जामठा. स्टेडियम वर्धा रोडवर, गावाबाहेर. त्यामुळे नागपूरला जाऊनही नागपूर लागतच नाही! बर्डी नाही, दीक्षाभूमी नाही, पोह्यांची गाडी नाही. भाचीने स्टेडियममधून फोटो पाठवला, खाली लिहिलं 'नागपूर', आणि तिने नागपूरची एक गल्लीही पाहिली नव्हती.

ती आली होती कोहलीसाठी. गुडघा दुखावल्याने तो खेळणार नाही हे मोबाइलवर कळलं आणि तिचं तोंड उतरलं. मग शुभमन गिलने ८७ केल्या, श्रेयस अय्यरने ३६ चेंडूंत ५९ कुटल्या, तशी कळी खुलली. इंग्लंडच्या २४८ धावा भारताने चार गडी राखून पार केल्या. लाइटखालचं हिरवं मैदान देखणंच दिसतं, यात वाद नाही. पण मॅच संपल्यावर हॅटट्रिकसारखं काही कुणाला सांगावं, तर समोर दिसत होते फक्त पुढच्या गाडीचे लाल दिवे. वर्धा रोडवर मुंगीच्या चालीने तासभर. पहाटेच्या आत मात्र घरी.

भाची खरं तर बास्केटबॉल खेळते, शाळेच्या मैदानावर, जाळी नसलेल्या रिंगवर. २०१९च्या ऑक्टोबरात मुंबईत वरळीच्या डोममध्ये एनबीएचे दोन सामने झाले, इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज. पहिल्या सामन्याला प्रेक्षक म्हणून शाळकरी मुलांनाच बसवलं होतं, तीही मुंबईतली. ते फिरून झाले तर जायचंच, असं तिने जाहीर केलं आहे. जनशताब्दी आता हिंगोलीहून सुटते, तरी मुंबईला पोचेपर्यंत दिवस मावळतीला लागतो. मॅच संपवून त्याच रात्री घरी, हे गणित तिथे बसत नाही. पुतण्याला ही मोठी अडचण वाटते. मी म्हटलं, छान, मग मी येतो. वरळीला उतरायला कुणी नातेवाईक निघतो का, ते आता मी शोधतो आहे.