चाललेलं इंजिन

टेबलाच्या कडेला ते उभं होतं, खोक्याशिवाय. क्लास ३७, ब्रिटिश रेल्वेचं डिझेल. अंग निळं, तोंडं पिवळी. ओओ मापाचं, म्हणजे खऱ्याहून ७६ पट लहान. शंभर टनांहून जड धूड इथे वीतभराहून जरासंच लांब. यॉर्कमधल्या एका चर्चच्या सभागृहात शनिवारी जुन्या मॉडेल रेल्वेचा बाजार भरतो, तिथली ही गोष्ट.

शेजारी त्याच वर्गाचं दुसरं होतं, मूळ खोक्यातलं, कधीच न चाललेलं, दुप्पट किमतीचं. ते मला नको होतं. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या इंजिनातलं वंगण सुकून चिकट होतं. शिवाय चाललेल्या इंजिनाला आपलं काम ठाऊक असतं, असं मला मनापासून वाटतं.

माझं लहानपण कर्जतचं. घाट चढण्याआधी दख्खनच्या राणीला मागून बँकर, म्हणजे गाडी ढकलणारी इंजिनं, जोडली जात, तेवढा वेळ आम्ही पोरं फलाटावर उभे. तिला ओढणाऱ्या इंजिनांत डब्ल्यूसीएम-१ वर्गाची इंजिनं असत. एकूण सातच ती, १९५४-५५ सालची, इंग्लिश इलेक्ट्रिकनं लँकाशरमधल्या व्हल्कन फाउंड्रीत घडवलेली. १९६० ते १९६५ या काळात ३०९ क्लास ३७ तयार झाली, त्यांतली बहुतेक त्याच कारखान्यातली. एक तारेतली वीज घेणारं, दुसरं पोटात डिझेल जाळून स्वतःच वीज करणारं. चाकं दोघांचीही फिरवतात ती विजेच्या मोटारी. एका घरची भावंडंच. हे कळल्यापासून मी सदतीसच्या शोधात होतो.

विक्रेत्या आजोबांनी ते हातभर रुळावर ठेवून बटण फिरवलं. इंजिन गप्प. त्यांनी बोटानं हलकेच ढकललं, तसं गुरगुरत निघालं आणि गरम तेलाचा वास आला. मी ३५ पौंड मोजले.

रात्री दिव्याखाली उलटं धरून उघडलं. मोटारीतल्या कम्युटेटरच्या खाचांत कार्बन ब्रशची काळी पूड बसली होती. दातकोरणीनं काढली, स्पिरिटनं पुसलं, सुईच्या टोकावर मावेल एवढंच तेल दिलं. आसाला मात्र काहीतरी घट्ट गुंडाळलेलं होतं. चिमट्यानं उलगडत गेलो. लालभडक लोकर. कुणाच्या तरी घरचा गालिचा, आणि त्यावर गुडघे टेकून बसलेलं कुणी. किती फेऱ्या झाल्या असतील एवढे धागे ओढून घ्यायला! ते मी टाकले नाहीत. काड्यापेटीत घातले आणि पेटी रुळांच्या डब्यात ठेवली.

मग जेवणाच्या टेबलावर रूळ मांडले, एका टोकाखाली पुस्तकं सरकवून चढ केला, मागे तीन डबे जोडले. इंजिन अर्ध्यापर्यंत नेटानं चढलं. तिथे चाकं जागच्या जागी फिरू लागली. पकडीसाठी बसवलेलं रबर झिजलं होतं. ते पुढच्या शनिवारी मिळेल. तोवर मी वाकून शेवटच्या डब्याला मागून बोट लावलं, कर्जतला लावत तसं.