ओढा की नाला?

पुणे

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा मसुदा दोनदा वाचला. रस्त्यांना तू शहराच्या धमन्या म्हटलं आहेस, बागांना फुप्फुसं आणि पेठांमधल्या दाट वस्तीला गाठ. पहिल्या दोन उपमा चालतील. ‘गाठ’ मात्र खटकली. गाठ म्हटली की हात आपोआप सुरीकडे जातो.

नगररचनाकार पॅट्रिक गेडिस मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. 1914मध्ये भारतात आले, 1919मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. उपमा त्यांचीही शरीराचीच, पण वैद्याची: आधी निदान, मग उपचार. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढायला त्यांचा विरोध असे. बोळ पायी हिंडायचे, पडकी घरं तेवढी काढून तिथे मोकळी जागा करायची, झाडं लावायची. नांदती घरं नांदू द्यायची. ही झाली जपून केलेली शस्त्रक्रिया.

त्याहून जास्त टोचलं ते नकाशावरचं. आंबिल ओढ्याच्या निळ्या रेघेवर तू ‘नाला’ लिहिलं आहेस. कात्रजच्या डोंगरातून येऊन मुठेला मिळणारं पाणी ते! ओढ्याला काठ असतो, त्याला पूर येतो. नाला तुंबतो. पूर येणाऱ्याला जागा सोडावी लागते. तुंबणाऱ्याचा गाळ काढला की काम झालं, वर स्लॅब टाकला तरी कुणाला काही वाटत नाही. एक शब्द बदलला आणि काठ पुसला गेला.

25 सप्टेंबर 2019ची रात्र तू फोनवर ऐकलीस, मी घरात पाहिली. पाणी बघता बघता ओट्याला लागलं. मामीने आधी देव उचलले, मग तांदळाचा डबा. सकाळी फ्रीज आडवा होऊन दारात अडकलेला आणि भिंतीवर स्विचबोर्डाच्या खाली बोटभर अंतरावर चिखलाची रेघ. त्या पावसात शहर-जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली. गल्लीत जो तो ‘नाला तुंबला’ म्हणत होता. शेजारच्या आजी तेवढ्या म्हणाल्या, “ओढ्याला पूर आला.” निदान त्यांचं बरोबर होतं.

मसुदा देण्याआधी दोन दिवस ये. कात्रजपासून मुठेपर्यंत काठाने चालू, जिथे काठ उरलाय तिथे. आणि नकाशावर आजच ‘ओढा’ लिही.

तुझा,
मामा