वाट्याची गाय

लोणी काळभोरच्या या वसतिगृहात आम्ही अर्ज लिहावयास शिकलो. ते शिक्षण २०२२ साली वस्तीच्या कामी आले. त्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी चर्मरोग आढळला आणि पाहता पाहता राज्यभर पसरला. गुरांचे बाजार बंद झाले. गायी-बैलांना गोट पॉक्सची लस टोचली जाऊ लागली. दगावलेल्या जनावरांसाठी शासनाने मदत जाहीर केली : दुभत्या गायीस ३०,००० रुपये, ओढकामाच्या बैलास २५,०००, वासरास १६,०००.

चांगल्या संकरित गायीची किंमत याहून बरीच अधिक. तरीही सावकाराची पायरी चढणे टळावे, एवढे मोल त्या रकमेला होते. मात्र ती मिळे पंचनाम्यात मालक म्हणून नोंदलेल्यास. आमच्या भूमिहीन घरांत गाय बहुधा वाट्याने असते : मालकी बागायतदाराची, वैरणपाणी व शेणघाण आमच्या आयांची. गाय गेल्यावर त्यांचा वाटा कोणत्या रकान्यात लिहावा? काही मालकांनी निम्मी रक्कम आपणहून आणून दिली; काहींच्या दारातून आमच्या आया शब्द न काढता परतल्या.

शाळेत रोजच्या वंदनेबरोबर आम्हांस करुणा शिकविली गेली. करुणेला कागदाचीही जोड लागते, हे त्या वर्षी उमगले. आता वस्तीत कोणी वाट्याने गाय घेतली, की दोन ओळींचा करार आम्ही लिहून देतो. येथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने असा एक तरी कागद कुणासाठी लिहावा, ही आमची विनंती.